ताप उतरल्यावर तोल का गेला?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

डॉक्टरसाहेब, मी नाशिकरोडला राहतो आणि प्रेसमधून निवृत्त झालो आहे. मुलगा व सून दोघेही नोकरी करतात, त्यामुळे नातवंडे दिवसभर आमच्याकडेच असतात. नातू सात वर्षांचा असून दुसरीत आहे. मागच्या महिन्यात त्याला डेंग्यू झाला. दुसऱ्याच दिवशी एनएसवन चाचणी पॉझिटिव्ह आली. मी एका वहीत रोजचा ताप आणि प्लेटलेटचे आकडे लिहून ठेवत होतो. सर्वांत कमी आकडा ६२ हजार होता. रक्तस्राव कुठेही नव्हता आणि दाखल करावे लागले नाही. पाचव्या दिवशी ताप उतरला, प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्या आणि आम्ही निश्चिंत झालो. त्यानंतर चौथ्या दिवशी तो सकाळी मोरीकडे जाताना भिंत धरून चालू लागला. पाणी पिताना हात थरथरून पेला सांडला आणि बोलणे जड, लांबट झाले. ज्यांचे उपचार चालू होते त्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून टॉनिक दिले. दोन दिवसांनी आम्ही मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दाखल करून एमआरआय केला, पाठीतले पाणी तपासले आणि ‘सेरेबेलायटिस’ असे निदान केले. आता तीन आठवडे झाले. चालणे बरेच सुधारले आहे, पण अक्षर वाचता येत नाही इतके बिघडले आहे. प्लेटलेट चांगल्या असताना डेंग्यू मेंदूपर्यंत गेला कसा? हे कायमचे राहील का? शेजारच्या एका बाईंनी हे बाहेरचे आहे, असे सुनेच्या मनात भरवले आहे. त्यांच्याच घरी चार महिन्यांच्या बाळाला चिकुनगुन्यात झटके आले आणि त्याचे नाक काळे पडले. तोही असाच प्रकार का? धाकटी नात तीन वर्षांची आहे, तिची धास्ती वाटते.
— एक आजोबा, नाशिकरोड

उत्तर

काका, मुलाला प्रत्यक्ष न तपासता मी हे लिहीत आहे, ही मर्यादा ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. तरीही आपण पत्रासोबत वहीच्या पानांच्या प्रती पाठवल्यामुळे काम बरेच सोपे झाले. त्या पानांवर प्लेटलेटसाठी व्यवस्थित रकाने आखलेले आहेत, आणि समासात बारीक अक्षरात ‘आज चालताना भिंत धरतो’ अशी एक ओळ तारखेसह लिहिलेली आहे. माझ्या दृष्टीने साऱ्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद तीच आहे. डासांमुळे पसरणाऱ्या विषाणुजन्य तापांत मुलांच्या मेंदूला किंवा मज्जातंतूंना त्रास होतो तेव्हा लक्षण कोणते आहे याइतकेच ते तापाच्या कोणत्या दिवशी आले, हे महत्त्वाचे असते. अंगात ताप असताना किंवा तो उतरत असताना आलेली गुंगी आणि ताप जाऊन चार दिवस झाल्यावर गेलेला तोल, या दोन्हींना लोक ‘डेंग्यू डोक्यात गेला’ असेच म्हणतात. त्यांची कारणे मात्र वेगळी असतात, त्यांतली घाई वेगळी असते आणि उपचारही वेगळे असतात.

आधी प्लेटलेटविषयी. प्लेटलेट हे रक्त गोठण्याच्या कामी येणारे कण आहेत, आणि त्यांची संख्या मेंदूच्या प्रकृतीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. आकडा वीस हजारांपर्यंत उतरूनही पूर्ण शुद्धीवर खेळणारी मुले आम्ही पाहतो, आणि लाखाच्या वर असताना बरळणारीही पाहतो. फार कमी प्लेटलेटमुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो हे खरे आहे, पण मुलांमध्ये ती गोष्ट क्वचित घडते. डेंग्यूच्या साथीत घरोघर सकाळ-संध्याकाळ केवळ हाच आकडा विचारला जातो, पपईच्या पानांचा रस काढला जातो, महागडी किवी आणली जाते, आणि या गडबडीत मूल किती वेळा लघवीला गेले, हाक मारल्यावर नीट पाहते का, कालच्यासारखे बोलते का, हे विचारायचे राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या वर्गीकरणात मुलाची सुस्ती किंवा अस्वस्थपणा हे डेंग्यूतील धोक्याचे लक्षण म्हणून स्पष्टपणे नोंदवलेले आहे, आणि शुद्ध हरपणे हे तर तीव्र डेंग्यूचेच लक्षण मानले आहे. अशा लक्षणांच्या मुलाचे प्लेटलेट किती आहेत याची वाट पाहत थांबायचे नसते.

ताप असताना, किंवा तो उतरत असतानाच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, मेंदू मंदावण्याची कारणे बहुतेक वेळा मेंदूच्या बाहेर असतात. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, त्यामुळे रक्तदाब घसरतो आणि मेंदूला पुरेसे रक्त मिळत नाही. अशा मुलाचे हातपाय गार पडतात, ते चिडचिडे होते किंवा उठवले तरी पुन्हा झोपते, आणि सहा-सहा तास लघवी करत नाही. घरच्यांना मात्र वाटते की ताप गेला म्हणून बिचारे शांत झोपले आहे. दुसरे कारण रक्तातले सोडियम कमी होणे. डेंग्यूत भरपूर पाणी पाजा असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे, परंतु दिवसभर नुसते साधे पाणीच पाजत राहिल्यास सोडियम खाली जाऊन ग्लानी किंवा झटके येऊ शकतात. म्हणून ओआरएस, मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचे पाणी, ताक यांवर भर द्यावा. तिसरे कारण यकृत. डेंग्यूत यकृताला सूज असतेच, आणि त्यात पॅरासिटामॉलचा अतिरेक झाला तर यकृत निकामी होऊन त्याचा परिणाम मेंदूवर होतो. पॅरासिटामॉलच्या बाटल्या बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. पाच मिलिलिटरमध्ये कुठे १२५ मिलिग्रॅम असते तर कुठे २५०. आईने एका बाटलीतले आणि आजीने दुसऱ्या बाटलीतले औषध दिल्याने दुप्पट मात्रा गेलेली मुले दर पावसाळ्यात दिसतात. वजनाच्या प्रत्येक किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांमध्ये किमान सहा तास, एवढे पाळावे. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन डेंग्यूच्या शंकेत देऊच नयेत.

विषाणू प्रत्यक्ष मेंदूत शिरून दाह होण्याचा प्रकारही आहे. जुन्या पुस्तकांत डेंग्यू मेंदूत शिरत नाही असे लिहिलेले असे. आता रुग्णांच्या मेंदूजलात विषाणूचे अंश सापडलेले असल्याने ते मत मागे पडले आहे. अशा वेळी ताप असतानाच मूल बरळते, ओळखेनासे होते, झटके येतात. आपल्याकडे तापात बरळण्याला ‘वात झाला’ म्हणून सोडून देण्याची सवय आहे. चाळीस अंशांच्या तापात एखादे मूल काही मिनिटे असंबद्ध बोलले आणि ताप उतरताच हुशार झाले, तर काळजीचे कारण नाही. ताप कमी होऊनही ते आई-वडिलांना ओळखत नसेल, तर मात्र त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

झटक्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे वय पाहावे लागते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात कोणत्याही तापात साधी आकडी येऊ शकते, आणि ती बहुधा निरुपद्रवी असते. आपल्या नातवाच्या, म्हणजे सात वर्षांच्या, मुलाला तापात आकडी आली तर तिला ‘तापाची आकडी’ म्हणून बाजूला सारता येत नाही. तेच सहा महिन्यांखालच्या बाळालाही लागू आहे. आकडी येत असताना मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी यांपैकी काहीही घालू नये, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत ती थांबली नाही तर तातडीने रुग्णालयात न्यावे. लासलगावच्या बाजारपेठेचा जिल्हा असल्यामुळे की काय, कांदा फोडून नाकाशी धरण्यावर आपल्याकडे फार विश्वास आहे. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, त्याचे श्रेय कांद्याला जाते इतकेच.

आकडीसारखी दिसणारी एक वेगळी गोष्ट या निमित्ताने सांगून ठेवतो. तापात उलट्या होतात म्हणून दिलेल्या काही औषधांनी, विशेषतः मेटोक्लोप्रामाइडने, मुलाची मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात, जीभ बाहेर येते. मूल पूर्ण शुद्धीवर असते, घाबरून रडत असते. हा औषधाचा परिणाम असतो आणि योग्य इंजेक्शनने थोड्याच वेळात उतरतो. अशा वेळी उलटीचे कोणते औषध दिले होते, त्याचा कागद किंवा बाटली बरोबर न्यावी. निदान तिथेच होते.

आता आपल्या नातवाकडे येतो. त्याचा तोल ताप गेल्यानंतर चौथ्या दिवशी गेला, आणि त्या वेळी तो शुद्धीवर होता, खात-पीत होता. या काळात रक्तातला विषाणू जवळपास संपलेला असतो. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिकारशक्ती उभी केली, तीच काही मुलांमध्ये चुकून स्वतःच्या मज्जासंस्थेवर रोख धरते. मेंदूच्या मागच्या भागात असलेल्या लहान मेंदूला अशी सूज आली की त्याला सेरेबेलायटिस म्हणतात. लहान मेंदू ताकद देत नाही. तो हालचालींचे मोजमाप राखतो. म्हणून अशा मुलाच्या हातापायांत जोर असतो, पण पाऊल हवे तिथे पडत नाही, पेला तोंडाजवळ नेताना जितका जवळ येईल तितका हात अधिक थरथरतो, आणि बोलताना शब्द ओढल्यासारखे येतात. काही मुलांचे डोळे एका बाजूला पाहताना थरथरतात. कांजिण्यांनंतर हा प्रकार पूर्वीपासून परिचित आहे. डेंग्यूनंतर तो कमी दिसतो, म्हणून पहिल्या भेटीत तो ध्यानात आला नाही.

अशक्तपणा आणि तोल जाणे यांतला फरक घरीही ओळखता येतो, आणि तो प्रत्येक पालकाला ठाऊक असावा असे मला वाटते. अशक्त मूल हळू चालते, लवकर थकते, बसून घेते; पण ते सरळ चालते आणि त्याचे बोलणे जसेच्या तसे असते. तोल गेलेले मूल पाय फाकवून चालते, वळताना झोकांडी खाते, आणि बसल्या जागीही अंग डुलते. नाकाला आणि मग समोर धरलेल्या आपल्या बोटाला आळीपाळीने स्पर्श करायला सांगितले तर त्याचा नेम चुकतो. टॉनिकने यातले काही बदलत नाही. आपण दोन दिवसांत दुसरे मत घेतले हे योग्य केले. त्या दोन दिवसांनी मुलाचे नुकसान झाले, असे मात्र मनात धरू नये, कारण सौम्य सेरेबेलायटिसमध्ये उपचारांपेक्षा निरीक्षणच अधिक करायचे असते. निरीक्षण यासाठी, की लहान मेंदूची सूज फार वाढली तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडते. डोके खूप दुखणे, सकाळी उलट्या, वाढती गुंगी ही त्याची चिन्हे आहेत, आणि तशी वेळ आली तर तासाभराचाही उशीर चालत नाही.

डोळ्यांविषयी आणखी एक. काही लहान मुलांचे डोळे अशा आजारानंतर सर्व दिशांना, कसेही, वेगाने नाचल्यासारखे हलतात आणि हातापायांना झटके बसतात. त्याला ऑप्सोक्लोनस म्हणतात. डेंग्यूनंतर तो झाल्याची उदाहरणे आहेत, परंतु लहान मुलात तो दिसला तर पोटात किंवा छातीत न्यूरोब्लास्टोमा नावाची गाठ नाही ना, हे तपासल्याशिवाय सारा दोष डेंग्यूला देऊ नये. आपल्या पत्रावरून नातवाला हा त्रास नव्हता असे दिसते.

ताप गेल्यानंतरच्या लक्षणांत पायांच्या तक्रारी सर्वांत फसव्या असतात, कारण ‘पाय दुखतात’, ‘पाय उचलत नाहीत’ आणि ‘पाय लुळे पडले’ ही तीन वेगळी दुखणी घरात एकाच वाक्यात सांगितली जातात. पोटऱ्या दाबल्या की मूल ओरडते, टाचा न टेकता चवड्यांवर चालते किंवा चालायलाच नकार देते, पण झोपून पाय झाडू शकते. हा स्नायूंचा दाह असतो. सीपीके नावाची रक्तचाचणी वाढलेली येते आणि आठवडाभरात मूल पळू लागते. फक्त लघवी गडद तपकिरी होत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. याउलट दुखणे फारसे नसताना आधी पावले, मग गुडघे, मग मांड्या अशी कमजोरी वर चढत गेली, तर ते गिया-बारे, म्हणजे प्रतिकारशक्तीने हातापायांच्या मज्जातंतूंवरच केलेला हल्ला, असू शकते. आजारानंतर एक ते तीन आठवड्यांत ते येते, आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकते, म्हणून अशा मुलाला अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच न्यावे. इम्युनोग्लोब्युलिन हे प्रतिपिंडांचे औषध वेळेवर मिळाल्यास बहुतेक मुले चालू लागतात. पाय लुळे पडण्याबरोबर लघवी तुंबली आणि कमरेखाली स्पर्श कळेनासा झाला, तर दोष मज्जारज्जूत असतो. आणि अंगात ताप असतानाच एका रात्रीत चारही हातपाय ढिले पडले, तर रक्तातले पोटॅशियम तपासावे. ते कमी असेल तर भरून काढताच काही तासांत ताकद परत येते. दिसायला सर्वांत भयंकर, आणि बरे व्हायला सर्वांत सोपे.

यातली कोणतीही लुळेपणाची तक्रार पंधरा वर्षांखालच्या मुलात आढळली, तर डॉक्टर ती आरोग्य विभागाला कळवतात आणि चोवीस तासांच्या अंतराने मुलाच्या शौचाचे दोन नमुने घेतले जातात. पालक यामुळे घाबरतात किंवा रागावतात. ही पोलिओवरची पाळत आहे. भारतात मूळ विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत आढळला, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तसा तो राहिला आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येक लुळ्या पायाची नोंद अजूनही घ्यावी लागते. नमुना मागितला म्हणजे मुलाला पोलिओ झाला, असा अर्थ नसतो.

शेजारच्या बाळाची गोष्ट वेगळी आहे. चिकुनगुन्या मोठ्यांना सांधेदुखीने जेरीस आणतो, पण एक वर्षाखालच्या बाळांमध्ये तो मेंदूला अधिक त्रास देतो. २००५-०६ साली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर मोठी साथ आली तेव्हा मेंदूदाहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते याच वयाच्या बाळांत आणि त्याखालोखाल वृद्धांत. आईला प्रसूतीच्या सुमारास चिकुनगुन्या झाला तर बाळाला जन्माच्या वेळी लागण होऊन तीन ते सात दिवसांत ताप, दूध न ओढणे, झटके असे सुरू होते. नाकाचा शेंडा व आजूबाजूची त्वचा काळपट होणे ही चिकुनगुन्याची एक ओळखण्यासारखी खूण असून बालरोगतज्ज्ञ तिला चिक साइन म्हणतात. काही बाळांना अंगावर पाण्याने भरलेले फोडही येतात. तो काळेपणा मेंदूपर्यंत पोहोचलेल्या आजाराचे माप नव्हे, आणि काही महिन्यांत फिकट होत जातो. त्यावर क्रीम चोळू नये. चार महिन्यांच्या त्या बाळाला आलेले झटके मात्र गांभीर्याने घ्यावे लागतील. त्याच्या डोक्याचा घेर, मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे यांची तपासणी पुढचे वर्ष-दीड वर्ष नियमितपणे व्हायला हवी, हे त्या बाईंना आपण माझ्या वतीने अवश्य सांगावे. ज्या घरात बाळाला झटके आले त्या घरातली माणसे बाहेरच्या बाधेचा विचार करतात यात मला नवल वाटत नाही, आणि त्यावरून त्यांच्याशी वाद घालण्यातही अर्थ नाही. दृष्ट काढली तर काढू द्यावी. फक्त धुरी देणे, पोटाला चटके देणे, जडीबुटीचा काढा पाजणे आणि तपासणीची तारीख चुकवणे, या चार गोष्टींना घरातला वडीलधारा माणूस म्हणून आपण ठाम नकार द्यावा.

जपानी मेंदूज्वराबद्दल आपण विचारलेले नाही, पण अशा पत्रांत तो हटकून येतो. त्याचे डास भातखाचरांत वाढतात आणि विषाणू डुकरे व पाणपक्षी यांच्यात फिरत असतो. महाराष्ट्रात त्याचा उपद्रव प्रामुख्याने पूर्व विदर्भात आहे. शंभर मुलांना लागण झाली तर एकालाही मेंदूज्वर होईलच असे नाही, इतके त्याचे प्रमाण कमी. पण झाला तर तो क्रूर असतो. त्यातली मुले चेहऱ्यावर कोणताही भाव न उमटता एकटक पाहतात, अंग ताठ होते, हात थरथरतात, म्हाताऱ्या माणसाच्या कंपवातासारखी ती दिसतात, कारण मेंदूच्या आतल्या गाभ्यावर घाव बसलेला असतो. लस उपलब्ध आहे आणि निवडक जिल्ह्यांत ती नवव्या महिन्यात व पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. मेंदूज्वराचाच आणखी एक विषाणू म्हणजे चांदीपुरा. नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून नाव पडलेला हा विषाणू १९६५ साली पुण्याच्या संशोधकांनी शोधला. तो डासांपेक्षा सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी, हिच्याकडून पसरतो. त्यात सकाळचा ताप संध्याकाळपर्यंत बेशुद्धीवर जाऊ शकतो. तापाच्या पहिल्या चोवीस तासांतच शुद्ध हरपत असेल, तर निदानाच्या नावाची चर्चा करत बसण्याइतका वेळ नसतो.

एमआरआय स्वच्छ आला म्हणून निदान चुकले का, असे आपल्या सुनेने विचारले आहे. सेरेबेलायटिसमध्ये एमआरआय अनेकदा स्वच्छच येतो. तो करायचा असतो तो गाठ, रक्तस्राव, पाणी साचणे किंवा मेंदूच्या पांढऱ्या भागातले डाग नाहीत हे पाहण्यासाठी. असे डाग असते, आणि तोल जाण्याबरोबर मूल गुंगीत किंवा भ्रमिष्टासारखे असते, तर एडेम नावाचा वेगळा आजार मानून स्टेरॉइड द्यावे लागले असते. पाठीतले पाणी काढल्याने मूल अधू होते, ही भीती फार पसरलेली आहे आणि निराधार आहे. सुई जिथे घालतात तिथपर्यंत मज्जारज्जू पोहोचतच नाही. डेंग्यूत प्लेटलेट फार खाली असतील तर ती तपासणी पुढे ढकलतात, एवढाच या दोहोंचा संबंध.

हे कायमचे राहील का, या आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे. बहुतेक मुले काही आठवड्यांत, काही दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. चालणे आधी सुधारते आणि अक्षर सर्वांत शेवटी, कारण लिहिण्यात बोटांच्या फार बारीक हालचाली लागतात. म्हणून तीन आठवड्यांत अक्षर आले नाही यात अनपेक्षित काही नाही. त्याला शुद्धलेखनाच्या वह्या भरायला बसवू नये. कणीक मळणे, शेंगा सोलणे, मोठ्या मण्यांची माळ ओवणे, जाड पेन्सिलीने मोठ्या चौकटीत लिहिणे, अशी कामे दिवसातून दोन-तीन वेळा थोडा थोडा वेळ द्यावीत; जमल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला घ्यावा. शाळेत पाठवायला हरकत नाही. वर्गशिक्षिकांना तज्ज्ञांची चिठ्ठी देऊन लेखी कामाऐवजी तोंडी उत्तरे घेण्याची विनंती करावी, आणि तळमजल्यावरचा वर्ग मिळतो का ते पाहावे. फरशीच्या रेषेवर टाच-पंजा जुळवून तो दहा पावले न डुलता चालू लागेपर्यंत सायकल, पोहणे आणि गच्चीवर पतंग उडवणे बंद ठेवावे. नाशिकच्या संक्रांतीत हे शेवटचे पाळणे कठीण जाईल याची मला कल्पना आहे. सुधारणा थांबली, सुधारलेले पुन्हा बिघडू लागले, किंवा तीन महिन्यांनंतरही तोल जात राहिला, तर एमआरआय व इतर तपासण्या नव्याने कराव्या लागतील.

धाकट्या नातीविषयी. मेंदूचा हा त्रास घराण्यात चालत येणारा नाही आणि एका मुलाकडून दुसऱ्याला लागणाराही नाही. नातवाला पुढे कधी डेंग्यू झालाच, तर तो विषाणूच्या चार प्रकारांपैकी वेगळ्या प्रकाराचा असेल आणि अधिक तीव्र होऊ शकेल, पण त्या वेळीही मेंदूलाच त्रास होईल असे समजण्याचे कारण नाही. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात डेंग्यूची लस नाही, तेव्हा प्रश्न डासांवर येऊन थांबतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. आपल्याकडे नातवंडे दिवसभर असतात, म्हणून दुपारच्या झोपेला मच्छरदाणी आणि घरातही पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. रात्रीची गुडनाइट त्या दृष्टीने उशिरा लावलेली असते. हा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार कोरडा पाळला तर साखळी तुटते. महापालिकेची धूरफवारणी उडते डास मारते, पाण्यातल्या अळ्यांना तिचा काही उपद्रव होत नाही. आपण लिहिले आहे की शेजारच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात पावसाळ्यापासून पाणी साचून आहे. त्याचा फोटो आणि सोसायटीतल्या पाच-सहा जणांच्या सह्यांचा अर्ज नाशिकरोडच्या विभागीय कार्यालयात मलेरिया विभागाच्या नावे द्यावा, पोच घ्यावी, आणि बांधकाम करणाऱ्यालाही एक प्रत द्यावी. त्या खड्ड्यात औषध टाकणे किंवा पाणी उपसणे हे त्यांचे काम आहे आणि ते पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागेल.